बुटक्यांच्या गावाची राखण

परवा सकाळी दार उघडलं आणि समोरची इमारत जागेवर नव्हती. पंजाबात, खरडला, आमच्या फ्लॅटसमोर हुबेहूब आमच्यासारखीच एक इमारत आहे. तिच्या गच्चीवर निळ्या टाक्यांची रांग आहे आणि तिसऱ्या मजल्यावर एक सरदारजी रोज बाल्कनीत पगडीचं लांबलचक कापड झटकत उभे असतात. परवा टाक्या नाहीत, सरदारजी नाहीत, काही नाही, नुसतं पांढरं. दूधवाल्याच्या मोटरसायकलचा आवाज फाटकापाशी थांबला, पायऱ्या चढून आला, आणि अगदी शेवटी कॅन आणि ती धरलेला हात तेवढा दिसला. "लो जी, आ गई धुंद," तो म्हणाला. मी पातेलं पुढं केलं आणि त्याच्या मागं आणखी कुणी उभं आहे का ते पाहिलं. हे मी दर धुक्यात करते. कुणी नसतं, हे मला माहीत असतं.

आमच्या साताऱ्याकडं धुकं हा सकाळचा पाहुणा. चहा घेईपर्यंत थांबतो, उन्हं वर आली की आपणहून उठतो. इथलं धुकं मात्र दिवाळसणाला आलेल्या जावयासारखं ठाण मांडून बसतं. दिवसचे दिवस सूर्य नाही. भिंती घामेजतात, मीठ ओलं होतं, जाड कपडे वाळता वाळत नाहीत आणि सगळ्या घराला दमट लोकरीचा वास येतो. चुकून दुपारी ऊन पडलं, तर अख्खी वस्ती खुर्च्या, बाजा, म्हातारी माणसं आणि मुंगफलीच्या पुड्या घेऊन गच्चीवर धावते. ऊन इथं प्रसादासारखं घेतात, थोडं थोडं आणि सगळे मिळून. पहिल्या वर्षी मला हसू यायचं. आता मीच सगळ्यांत आधी खुर्ची टाकते.

पण धुकं आलं की मला आठवतो तो एकच हिवाळा. तेव्हा आम्ही इथून जवळच, छावणीच्या बाजूला, फौजेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. ज्यांचे नवरे वर सीमेवर आहेत, अशा बायकामुलांसाठीच ती वस्ती होती. माझे यजमान सुभेदार. मी त्यांना नावानं कधी हाक मारली नाही, इथंही मारणार नाही. हे म्हणजे कोरेगाव तालुक्यातलं उंचपुरं, कमी बोलणारं माणूस. फौजेत त्यांचं नाव होतं ते सँड मॉडेलसाठी. कुठं कारवाई करायची असली की आधी जमिनीवर माती, रेती, भुसा घेऊन तो सगळा मुलूख हुबेहूब उभा करतात, म्हणजे जवानांना आपण कुठं जाणार, ते डोळ्यांनी बघता येतं. त्याला म्हणायचं सँड मॉडेल. ह्यांच्या हातचा डोंगर खरा वाटायचा म्हणे. मला त्याचं कौतुक तेव्हा एवढंच, की घरी आले की दिवाळीचा किल्ला फुकटात व्हायचा.

आमची एकुलती एक मुक्ता त्या वर्षी अकरावीला होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येणार हिंदीत. दर दोन-तीन वर्षांनी शाळा बदललेल्या पोरीची जीभ कुठल्या गावची म्हणायची? तर ह्या मुक्ताला आणि तिच्या मैत्रिणीला, शेजारच्या गुरनूरला, एका खेळाचं वेड लागलं होतं. तो खेळ नुसता बोलायचा. एकानं सूत्रधार व्हायचं आणि एका काल्पनिक जगाची गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. सूत्रधार म्हणणार, "समोर नदी है, तुम क्या करते हो?" की आपण म्हणायचं, "मैं नदी पार करती हूँ." म्हटलं, की ते झालं. जमेल की नाही याची शंका असली, तर वीस बाजूंचा एक फासा टाकायचा आणि पडेल ते मान्य करायचं. मुक्ता सूत्रधार. मी जवळून गेले की मलाही ओढायची. "मम्मी, आप क्या करते हो?" मी म्हणायची, "मी पोळ्या लाटते." गुरनूर हसून लोळायची. माझा त्या खेळातला सहभाग म्हणजे एवढाच, पोळीपुरता.

या खेळाची जाडजूड पुस्तकं असतात. त्या जगात कोण कोण राहतं, काय खातं, कुणाशी वैर धरतं, सगळं त्यात असतं. मुक्ताचा जीव जडला होता त्यातल्या हाफलिंग नावाच्या लोकांवर. माणसाच्या निम्म्या उंचीचे, म्हणून हाफलिंग. मी आपली बुटके म्हणते. त्यांच्या गावाला कोट नाही, वेस नाही, शिपाई नाही. बागा आहेत, भट्टीतून काढलेले पाव आहेत, दुपारची झोप आहे. आणि आजूबाजूला काय, तर राक्षस, लुटारू, आग ओकणारे अजगर आणि मुडदे उठवणारे मांत्रिक! दगडी किल्ल्यातले राजे पटापट मरतात आणि हे बुटके मात्र पिढ्यानपिढ्या येईल त्याला जेवू घालत बसलेले. का? तर पुस्तक म्हणतं, त्यांच्याकडं कुणाचं लक्षच जात नाही. शिवाय नशीब त्यांच्या बाजूचं, आणि शिवाय त्यांचे देव दयाळू.

गुरनूरला हे बिलकुल पटत नव्हतं. "आंटी जी, आप बताओ," ती मला साक्षीला बोलवायची. "जिसके घर में दाने भरे हों, उसको कोई नहीं लूटेगा? हद्द है यार." पंजाबच्या मुलीला हे कोण पटवून देणार? ज्या मातीवरून येणारा-जाणारा प्रत्येक लुटारू घोडे दामटत गेला, तिथं वाढलेली ती पोर. तिचं म्हणणं सरळ होतं. खेळात लुटारूंची टोळी त्या गावाकडं निघालीच आहे, तर गाव जळायला हवं. नाहीतर मुक्ताची गोष्ट खोटी.

आणि मुक्ताला गाव जळू द्यायचं नव्हतं. वरून दिसत होता खेळ, पण मी तिची आई. तिनं त्या गावातलं घर न् घर रंगवलं होतं. भट्टीवाली बाई, वर्गातच डुलक्या काढणारे मास्तर, दोन भाऊ आणि त्यांच्यातलं भांडणाचं कुंपण. आम्ही फिरतीची माणसं. ट्रंका उघडायच्या आधीच पुढच्या बदलीची कुणकुण लागायची. साताऱ्याच्या गावाला ती सुट्टीतली पाहुणी. तिला तिचं म्हणून एकच गाव होतं आणि ते टिकण्यासारखं नाही, असं जो तो तिला सांगत होता.

मला विचाराल, तर मला तेव्हा त्या पुस्तकाचं म्हणणं पटायचं. आमची वस्ती तरी दुसरं काय होती? बायका, पोरं, वाळत घातलेले कपडे, गाजराचा हलवा ढवळणारे हात आणि गॅलरीतून गॅलरीत जाणाऱ्या वाट्या. पुरुष म्हणून फाटकावरचे रखवालदार आणि सायकल शिकणारी मुलं. तरी आमचं चाललं होतंच की. आपण बरं, आपलं घर बरं, कुणाच्या अध्यात न् मध्यात नाही, तर आपल्या वाटेला कोण जातंय? मी हे एकदा बोललेसुद्धा. मुक्ता म्हणाली, "एक्झॅक्टली, मम्मी!" आणि मला उगाच मोठं काही समजल्यासारखं वाटलं.

नाताळच्या सुमाराला हे सुट्टीवर आले. बर्फानं चेहरा रापला होता, ओठ फुटले होते. दोन दिवस नुसते झोपले. तिसऱ्या दिवशी बापलेक बोलायला लागले. तसं त्यांच्यात बोलायला विषय फारसा नसायचा. अभ्यास काय म्हणतो, बरा चाललाय, संपलं. ते वर असताना फोनवर तर निम्मा वेळ "हॅलो, हॅलो" मध्येच जायचा. पण मुक्तानं बुटक्यांच्या गावाची अडचण सांगितली, आणि ह्यांनी कांबळं बाजूला करून पाय खाली सोडले.

"गावाच्या उत्तरंला काय हाय?" त्यांनी विचारलं.

"जंगल. और एक टीला."

"पानी कुटनं येतं?"

मुक्ता सांगत गेली. हे ऐकत गेले. शेवटी म्हणाले, "ह्ये गाव टिकायचं न्हाई, बाळा. समोरचा खुळा हाय, असं धरून कदी चालू ने. ल्हानग्यांकडं कुनाचं ध्यान जात न्हाई म्हनं! लांडग्याचं पैलं ध्यान कोकरावरच जातं."

पोरीचा चेहरा उतरला. मला राग आला. म्हटलं, "अहो, खेळ आहे तो. जरा गोड बोला की." ते म्हणाले, "गोड कशाला? गाव वाचवायचंय न्हवं तिला?" आणि उठून मागच्या दारी गेले.

मागच्या दारी वीतभर वाफा होता. त्यात मी मेथी टाकायची. दुसऱ्या दिवशी त्या वाफ्यावर बापलेकीनं गाव उभं केलं. सुतारवाड्यातून भुसा आणला, विटांची पूड केली. माझ्या रांगोळीच्या डब्यांवर दिवसाढवळ्या दरोडा पडला. हिरव्या रांगोळीची शेतं, पिवळ्या रांगोळीची सरसों म्हणजे मोहरी, नीळ घातलेल्या रेतीची नदी. काड्यापेट्यांची घरं, कोथिंबिरीच्या दांड्यांचं जंगल. गुरनूर कुंपणावरून उतरून आली आणि तीही गुडघे मळवून बसली. धुकं इतकं होतं, की स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला तिघांच्या नुसत्या पाठी दिसायच्या. आवाज मात्र स्पष्ट यायचे. मध्येच हे मोठ्यानं हसले. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण त्यांचं तसं हसणं मी फार थोड्या वेळा ऐकलं होतं. तवा तापला होता तरी मी खिडकीतच उभी राहिले.

मग ह्यांनी हातात काठी घेतली आणि जवानांना सांगतात तसं उभं राहून सांगायला लागले. आवाजच बदलला. "आपके सामने उत्तर. दाहिने नदी. बायें सरसों के खेत." दोन्ही पोरी सावधानमध्ये उभ्या. सगळं सांगून झालं आणि त्यांनी विचारलं, "दुश्मन आ रहा है, ये गाँव में सबसे पहले किसको पता चलेगा?" ते म्हणाले, "हितंच सगळं हाय. लडाई नंतर. पैल्यांदा कळाय पायजे. आन धुक्यात डोळा कामाचा न्हाई, धुक्यात कान."

त्यांनी आत येऊन माझ्या पोह्यांच्या डब्याशेजारची बरणी उघडली आणि एक चिंचोका घेतला. साताऱ्याहून आणलेल्या चिंचेतले चिंचोके मी टाकत नसे. तो त्यांनी टेकडीच्या टोकावर ठेवला. टेकडीखालच्या वाटेवर दोरा ताणून त्याला बाटलीची झाकणं अडकवली. कुणी आलं की झाकणं वाजणार, चिंचोका इशारा करणार, बुटके तळघरात जाणार, लुटारूंना रिकामी घरं सापडणार. लढायचं नाहीच. "झालं," ते म्हणाले. "वाचलं तुजं गाव."

"पर पप्पा, हाफलिंग पहरा नहीं देते. पहरा लगाया तो वो हाफलिंग ही नहीं रहेंगे."

"त्यास्नी कळवायचंच न्हाई की. त्येंनी आपलं पाव भाजावं."

मुक्ता त्या चिंचोक्याकडं बघत राहिली. धुक्यानं तिच्या भुवयांवर बारीक थेंब धरले होते. मग म्हणाली, "किसी को पता ही नहीं, तो इसकी बदली कौन करेगा? ये घर कब जाएगा?"

ह्यांनी काठीनं स्वतःच्याच पोटरीवर मारली. "आयला! इसरलोच की. सगळ्या पोरांना शिकवतो, चौकी लावली की आदी बदली ठरवा, आन माजीच ऱ्हायली." गुरनूर टाळ्या पिटत ओरडली, "फँस गए अंकल जी!" तेही हसले. "पुडच्या सुट्टीत बगू," ते म्हणाले. "तवर ऱ्हाऊ दे त्येला हुबा."

सुट्टी संपली. ते गेले त्या सकाळीही धुकं होतं. गाडी फाटकाबाहेर पडली, मागचे लाल दिवे तेवढे थोडे दिसले आणि मग तेही नाहीत. आवाज मात्र बराच वेळ येत राहिला. मुक्ता आत गेली आणि मी आवाज संपेपर्यंत थांबले.

नंतरचं मी थोडक्यात सांगते. थोडक्यात सांगितलं तरच सांगता येतं. फेब्रुवारी उजाडला होता, पण धुकं हटत नव्हतं. मी अंगणात ओले कपडे पिळत होते. फाटकाची कडी वाजली. मी म्हटलं, कोण आहे? पांढऱ्यातून आधी बूट दिसले, मग गणवेश, मग त्या फौजी माणसांसोबत आलेल्या एका बाईंचा चेहरा. त्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं. गोळी नाही, बर्फाचा कडा नाही, काही नाही. उंचावरच्या थंडीत हे छाती धरून बसले आणि उठलेच नाहीत. चारी दिशा बांधून घेणारा माणूस, आणि त्याला आलं ते आतून आलं. कुठल्या टेकडीवर कुणाला बसवायचं होतं, म्हणजे हे आधी कळलं असतं? हा प्रश्न मी अजून सोडवते आहे. सुटत नाही.

गुरनूरची आई परमजीत त्या दिवशी माझ्या घरात शिरली आणि तिनं आधी माझा गॅस बंद केला. ओला टॉवेल तसाच माझ्या हातात होता. तिनं तो सोडवून घेतला. आमच्या गावाकडं माती झाली, की भावकीतली माणसं भाकरी-पिठलं घेऊन येतात आणि घरच्यांना कडू घास भरवतात. साताऱ्याला ते सगळं रीतीनं झालं. पण इथं परत आलो, तर परमजीतला रीत-बीत काही माहीत नसताना तिनं रोज दाल-फुलके आणले आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली. "लै, खा लै, भैणे. इक बुरकी." एक घास खा, बहिणी. तिचा नवराही वरच होता. मग दुसऱ्या घरातून, मग तिसऱ्या. मला वाटायचं, हेच का ते पुस्तकातलं बुटक्यांचं गाव? कोट नसलेलं, आणि तरी टिकणारं? मग वाटायचं, कसलं डोंबलाचं टिकणं. ज्याचं घर जळायचं, ते जळालंच ना?

मागच्या दारी ते गाव होतंच. दवानं रांगोळ्या एकमेकींत उतरल्या, सरसों नदीत वाहून गेली, काड्यापेट्या फुगून बसल्या. मी झाडू घेऊन गेले की मुक्ता दारात उभी राहायची. मी झाडू परत ठेवायची. होळीच्या आधी एक मोठी सर आली आणि सकाळी वाफा सपाट झाला होता. टेकडी होती तिथं चिखल होता. चिंचोका तिथं नव्हता. मी फार शोधला, मेथीच्या मुळांपर्यंत उकरलं. मग म्हटलं, गेला असेल वाहून.

मुक्तानं फासे एका मोज्यात घालून कपाटात टाकले आणि खेळ थांबवला. ती माझ्यासमोर रडली नाही. माझी हिंमत झाली नाही तिला रडवायची. वडिलांबद्दल आमच्यात बोलणं व्हायचं ते कागदपत्रांपुरतं. क्वार्टर सोडावं लागलं. मला इथल्या एका शाळेत लहान मुलांना शिकवायची नोकरी मिळाली आणि खरडला घर परवडलं, म्हणून इथं आलो. साताऱ्याचे लोक म्हणाले, परत या. पण पोरीला आणखी एक शाळा बदलायला लावायचं माझ्या जिवावर आलं. आता ती कॉलेजात आहे. शांत आहे. लोक म्हणतात, किती समजूतदार मुलगी. मला तो शब्द ऐकला की भीती वाटते.

मी मात्र त्या बुटक्यांचा विचार करत राहिले. कपडे वाळत घालताना, वह्या तपासताना. ज्यानं ते पुस्तक लिहिलं, त्याला मी म्हणते, बाबा रे, तुझं म्हणणं अर्धंच आहे. त्या गावाकडं कुणाचं लक्ष जात नाही, असं गावाला वाटतं. वाटणारच. मलाही वाटायचं की. हलवा ढवळता ढवळता मला किती निर्धास्त वाटायचं, आणि ते निर्धास्तपण कुणाच्या फुटक्या ओठांवर चाललं होतं, हे मला माहीत असूनही मी ते रोज थोडीच आठवत होते! रोज आठवलं असतं तर स्वयंपाक झाला नसता. कोट नसलेली गावं असतात, हे खरं. फक्त त्यांच्या टेकडीवर कुणीतरी असतं, आणि तो कुणाचा तरी असतो. एवढं एक पान त्या पुस्तकात कमी आहे.

या रविवारी दिवसभर धुकं उठलं नाही. दुपारी गुरनूर आली. तिच्याबरोबर मुक्ताच्या वर्गातला, रोहतकचा अंकुश. गुरनूरनं आल्या आल्या मुक्ताच्या कपाटातून तो मोजा काढला आणि टेबलावर ओतला. "बहुत हो गया, यार. आज खेलेंगे. वही गाँव." मी स्वयंपाकघरात होते. आमचं स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यात भिंत नाही, नुसता ओटा आहे. मला वाटलं, मुक्ता उठून जाईल. तिनं सांडलेले फासे एकेक करून गोळा केले. मग म्हणाली, "ठीक है." मी पिठल्याला कांदा चिरायला घेतला, म्हणजे हाताला काहीतरी काम.

लुटारू निघाले. अंकुशनं मध्येच हात वर केला. "एक मिनट. इस गाँव की सिक्योरिटी क्या है? ये हाफलिंग वाला लॉजिक बनता ही नहीं, यार."

मुक्तानं मोज्यात हात घातला, टोकाशी काहीतरी चाचपलं आणि टेबलावर एक वाटी पालथी घालून त्यावर ठेवलं. चिंचोका. काळाभोर, हाताळून चमकणारा. इतकी वर्षं तो तिच्याकडं होता. माझ्या हातातली सुरी थांबली.

"एक बंदा है," ती म्हणाली. "इस टीले पर."

"एक से क्या होगा?"

"वो लड़ता नहीं. उसको पहले पता चलता है, बस."

मग तिनं सांगितलं. धुकं, वाटेवरची झाकणं, ती वाजली ते. इशारा झाला, बुटके पावांच्या टोपल्या घेऊन तळघरात उतरले, डुलक्या काढणाऱ्या मास्तरांना दोघा भावांनी उचलून नेलं, आणि लुटारू रिकाम्या घरांतून चिडून निघून गेले. तिचा आवाज चढला होता. असा आवाज मी फार दिवसांनी ऐकत होते. अंकुश म्हणाला, "चलो, अब बनता है." गाव वाचलं होतं.

"अब तुम लोग क्या करते हो?" मुक्तानं विचारलं.

अंकुशला लुटारूंच्या मागं जायचं होतं. गुरनूर त्या चिंचोक्याकडं बघत होती. ती मागच्या दारी गुडघे मळवून बसलेली पोर. "मैं टीले पर जाती हूँ," ती म्हणाली. मग हळू, जपून, "मैं उसको बोलती हूँ, अंकल जी, बदली आ गई. यहाँ मैं खड़ी हूँ. अब आप घर जाओ."

मुक्ताचा हात वीस बाजूंच्या फाशाकडं गेला, त्यावर थांबला, आणि तिनं तो मागं घेतला.

"वो उतर रहा है," ती म्हणाली. "धीरे-धीरे. घुटने अकड़ गए हैं. बहुत टाइम से खड़ा था ना." पुढचं मराठीत आलं. माझी मुलगी मराठीत बोलत होती. "तो येतोय. धुकं आहे. काही दिसत नाहीये. सरसोंच्या कडेकडेनं येतोय. बूट ओले आहेत. आता फाटक... फाटकाची कडी वाजली..."

तिथं ती थांबली. तिचा चेहरा आधी कपाळापासून आणि मग सगळाच मोडत गेला, आणि तिनं माझ्याकडं पाहिलं.

मी गॅस बंद केला. पदराला हात पुसले आणि ओट्यामागून पुढं आले.

"मी दार उघडते," मी म्हणाले.